हरकत नसल्यास रेघ मारावी

रकाना १ : मिळकतीचे वर्णन

बोरिवली पूर्व, दहिसर नदीचा काठ, नऊ गुंठे.

छापील संमतीपत्रात एवढ्यालाच जागा होती. उरलेलं वसुधाच्या डोक्यात राहिलं: एक करंज, करंजाखाली शेंदूर फासलेला दगड, बुजवलेली विहीर, अळूचा पट्टा आणि पत्र्याची पडवी. कुंपणापलीकडचा तुकडा आठ वर्षांपूर्वी विकला गेला. तिथे आता गाड्या उभ्या राहतात, तासाला पन्नास रुपये. पाऊस सुरू झाला की त्यांचे मालक धावत येऊन गाड्या हलवतात, कारण नदी वर चढते आणि नदीला पावती फाडता येत नाही.

या नऊ गुंठ्यांवर बाग व्हावी म्हणून वसुधा अकरा वर्षं अर्ज करत होती. विमा कंपनीतून निवृत्त झालेली, सहासष्ट वर्षांची, शबनम पिशवीत कायम दोन पेनं आणि एक पट्टी. सोसायटीत तिला पाठीमागे बागवाली म्हणत. तळमजल्यावरची पद्मजा तोंडावरच म्हणायची.

"काय गं बागवाली, झोपाळा कुठल्या साली लागतोय? माझ्या नातवाला दाढी यायला लागली."

"यंदा," वसुधा म्हणायची. दर वर्षी म्हणायची.

यंदा मात्र खरंच पैसे आले होते. जमीन वाटाघाटीने विकत घ्यायला सरकारी निधी मंजूर झाला होता, आणि तो एकतीस मार्चच्या आत खर्ची पडायला हवा होता. एकतीसला महावीर जयंतीची सुट्टी. म्हणजे तीस. तीस तारखेला दुपारी चारच्या आत कागद खिडकीवर गेला नाही, तर निधी व्यपगत. व्यपगत म्हणजे पैसे परत; हा शब्द वसुधाला नऊ वर्षांपूर्वी पहिल्यांदा कळला होता. तो कसा कळला ते पुढे येईलच.

आज तीस तारीख.


रकाना २ : हक्कदारांची नावे

चार नावं. पैकी तीन सह्या झालेल्या.

लवू, थोरला मुलगा. अंधेरीला दागिन्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करतो. दादू, धाकटा. रिक्षा आहे त्याची. कमल, बहीण, विरारला दिलेली. आणि सगळ्यांच्या वर, पहिल्या ओळीत, त्यांची आई, जानकी. वय एक्क्याऐंशी. तिच्या नावासमोरचा चौकोन पांढराशुभ्र.

जानकीबाईंचा नवरा गिरणीत होता. सत्तरच्या आसपास, ही जमीन पावसात बुडते म्हणून कोणी घेत नव्हतं तेव्हा, त्यांनी ती घेतली. घेण्याआधी गावी गेले, देवाला कौल लावला. मालवणकडची रीतच ती. गुरव देवाच्या पाषाणावर दोन बाजूंना दोन ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे बघत बसतात. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. तेव्हा उजवी पडली होती.

"देवाक इचारून घेतलेली जमीन," जानकीबाई म्हणाल्या होत्या, "देवाक इचारूनच देवची. मधल्यामधी आपण कोण?"

दादूने कपाळाला हात लावला होता. "आये, अगो एकतीसची मुदत आहे. देवाला काय मार्च एंड कळतो?"

"तुका कळता मां? मगे तू जाऊन सांग तेका."

लवूला रजा मिळाली नाही. दादूने गाडीचं तिकीट काढलं, ते वेटिंगवरच राहिलं. शेवटी लवूने गावच्या गुरवाला फोन केला. कौल तू लाव, व्हिडिओ काढ, पाठव. पाठव कुणाला, तर वसुधाताईंना. कारखान्याच्या गेटवर लवूचा फोन सकाळीच जमा होतो तो संध्याकाळी सहाला परत मिळतो, दादू दिवसभर रिक्षावर, आणि आईकडे बटणांचा फोन.

असं ते काम वसुधाच्या हातात आलं. हातात म्हणजे अगदी हातातच. सकाळी आठपासून तिने फोन खाली ठेवला नव्हता.

दादूने जाता जाता आणखी एक सांगून ठेवलं होतं, अगदी शांतपणे. "ताई, आजचा दिवस तुमचा. एक तारखेला मी पार्किंगवाल्याला हो म्हणणार. तो काही देवाला विचारत नाही."


रकाना ५ : हरकत अथवा अट असल्यास लिहावी. नसल्यास रेघ मारावी.

वसुधाने रेघ मारली. पट्टी लावून, एका दमात, सकाळी साडेआठला, स्वतःच्या डायनिंग टेबलावर.


रकाना ३ : प्रयोजन

सार्वजनिक उद्यान.

(क्रम चुकला आहे. वसुधाने पाच आधी भरला, म्हणून इथेही तो आधी आला.)

प्रयोजनाविषयी खरं सांगायचं तर झोपाळा, घसरगुंडी, चालायची वाट हे सगळं वसुधाने इतक्या अर्जांत लिहिलं होतं की आता त्यातलं काहीच तिला डोळ्यांसमोर दिसत नसे. दिसायची ती नऊ वर्षांपूर्वीची एक दुपार.

तेव्हाही पैसे आले होते. शेजारच्या तुकड्यासाठी, जिथे आता गाड्या आहेत. तेव्हाही असाच फॉर्म होता आणि तो भरायला नागरिकांच्या वतीने वसुधाच गेली होती. हरकतीच्या रकान्यात तिने सुंदर अक्षरात लिहिलं: नदीकाठाला काँक्रीटची भिंत घालू नये, काठ मातीचाच ठेवावा. चांगलं लिहिलं होतं. योग्यच लिहिलं होतं. अट आली म्हणून फाइल नव्या आराखड्यासाठी परत गेली, आराखडा व्हायला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांच्या मधोमध एकतीस मार्च येऊन गेला.

पैसे गेले. पुढच्या वर्षी तुकडाही गेला. त्याच्या मालकाने काठाला आधी काय घातलं असेल, तर काँक्रीटची भिंत.

कोणी तिला बोललं नाही. पद्मजासुद्धा नाही. त्या एका गोष्टीवर पद्मजा गप्प राहते, आणि वसुधाला तेच जास्त लागतं.


रकाना ४ : मुदत

११:१० वॉर्ड ऑफिसातून सुबोधचा फोन. "मॅडम, आलं का?"

"अजून नाही."

"मी खिडकीवरच आहे. चारला खिडकी बंद म्हणजे बंद. माझ्या हातात असतं तर..."

"तुझ्या हातात नाही, माहितेय मला."

११:४० गुरवाचा फोन बंद. खरं तर बंद नव्हे, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. देवळात रेंज नाही. व्हिडिओ काढून डोंगरीवर चढायचं, तिथून पाठवायचा, असं ठरलेलं.

१२:१५ सुबोध. "आलं?" "नाही."

१२:३० वसुधा भात खायला बसते. फोन ताटाशेजारी. तो थरथरतो. पद्मजा: झाली का बाग? सोबत हसणारा चेहरा.

१२:३२ भात तसाच.

१:०५ आला.

आला म्हणजे एक राखाडी चौकोन आला आणि त्यावर एक गोल फिरायला लागला. वसुधा गॅलरीत गेली, तिथे चांगली रेंज येते. गोल फिरतोय. आत आली. फिरतोय. जिन्यात गेली. चाळीस सेकंदांच्या व्हिडिओला सात मिनिटं लागली, आणि त्या सात मिनिटांत तिने, आयुष्यात कधी देवापुढे काही न मागितलेल्या बाईने, जिन्याच्या कठड्याला धरून तीन वेळा म्हटलं: उजवी. उजवी. उजवी.

मग चित्र उघडलं. काळा पाषाण, चांदीचे डोळे. दोन बाजूंना दोन तांबड्या पाकळ्या, ओल्या, चिकटलेल्या. गुरवाचा आवाज, भरभर, एका सुरात. बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकरान मुंबैत जी जमीन केल्यान, ती आज सरकाराक देवची म्हणता, तेच्यात बरा असात तर उजवो दी, वायट असात तर डावो दी. मागून कोणीतरी, व्हय म्हाराजा. मग काही नाही. समईची ज्योत हलते. पाकळ्या जागच्या जागी. बत्तीस सेकंद. पस्तीस. अडतीसाव्या सेकंदाला एक पाकळी सुटली, पाषाणावरून घसरली आणि खाली गेली. चित्र संपलं.

डावीकडची.

वसुधाने पुन्हा लावलं. डावीकडची. पुन्हा. डावीकडचीच. तिने फोन उलटा धरला, जणू त्याने काही बदलणार होतं. चित्रही उलटं झालं आणि देव डोक्यावर उभा राहिला.

गुरवाला लावलं. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. डोंगरी उतरला होता तो. त्याच्या लेखी काम झालं होतं.


रकाना ६ : साक्षीदार

साक्षीदार म्हणून वसुधाचंच नाव होतं.

पावणेदोनला ती पडवीत पोचली. जानकीबाई प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चौथा दिवस, उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी, वर काळा चष्मा. दुसऱ्या डोळ्याने त्यांना माणूस आहे एवढं कळे, कोण आहे ते कळत नसे. सून त्यांना इथे बसवून, थेंबांची बाटली आणि बटणांचा फोन शेजारी ठेवून कामाला गेली होती. नदी समोर होती, मार्चमधली, म्हणजे नदीपेक्षा नाला जास्त. पलीकडे कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि रिव्हर्सची तुतारी वाजत होती.

"कोण?"

"मी, वसुधा."

"इलंस? बस. काय इला गुरवाचा?"

वसुधा बसली नाही. इथपर्यंतच्या रिक्षात तिने तीन वाक्यं तयार केली होती. पहिलं, कौल डावा आलाय, पण देव काही कागदपत्रं बघत नाही. हे तिने स्वतःच खोडलं. दुसरं, व्हिडिओ नीट दिसत नाही, संध्याकाळपर्यंत थांबू. हे खरं ठरलं असतं आणि चार वाजून गेले असते. तिसरं वाक्य एका शब्दाचं होतं.

"उजवी," ती म्हणाली.

किती सोपं असतं ते. दोन्ही शब्द जवळजवळ सारख्याच लांबीचे. एक्क्याऐंशी वर्षांची म्हातारी, डोळ्यावर पट्टी, आणि आपल्या पिशवीत कागद, शाईचं पॅड, पट्टी. वसुधाने पॅड बाहेरही काढलं.

"उजवी पडली?" जानकीबाईंनी हात जोडून कपाळाला लावले. "बरा झाला गे बाय. माझ्या जीवाचो घोर गेलो." मग हात तसेच ठेवून, सहज, डाळीत मीठ आहे का विचारावं तसं त्यांनी विचारलं, "देवाची उजवी, की बघणाऱ्याची?"

पॅडचं झाकण अर्धवट उघडं राहिलं.

"म्हणजे?"

"म्हणजे काय? देव आपल्याकडे तोंड करून बसता मां. तेचो उजवो हात तो आपल्या डाव्याक. कौल देवाच्या हातान बघतत, आपल्या नाय. तुका मुंबैच्या माणसाक ह्यां कोण सांगतलो? म्हणान इचारलंय."

वसुधाने आपला उजवा हात बघितला. मग समोर बसलेल्या जानकीबाईंचा उजवा हात. तो तिच्या डावीकडे होता. इतकं साधं. अकरा वर्षं खिडकीपलीकडच्या माणसाला समोरून कागद देणारी बाई, आणि हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

डावीकडची पडली होती. म्हणजे देवाची उजवी. म्हणजे होकार.

जिन्यात, भात तसाच टाकून, रिक्षात तीन वाक्यं घडवत ती जे खोटं रचत होती, ते मुळातच खरं होतं. आता फक्त दोन शब्द बोलायचे: देवाची उजवी. शंभर टक्के खरे शब्द. कोणाला कधी काही कळणार नाही. अंगठा, रिक्षा, खिडकी, बाग. घड्याळात दोनला पाच कमी.

इथे सांगणाऱ्यालाही थोडं थांबावं लागतं, कारण वसुधा थांबली. तिची बोटं शाईच्या पॅडवर होती आणि ती निळी होत होती हे तिला कळत नव्हतं.

"काय गे? बोलणंस नाय ती?"

"काकू," ती म्हणाली, "मला डावीकडची दिसली. मला वाटलं नकार आला. आणि तुम्हाला मी उजवी म्हणून सांगितलं."

पलीकडची तुतारी थांबली.

"म्हणजे तू खोटा बोललंस."

"हो."

"आणि तां खरा निघाला."

"हो."

चष्म्याच्या काळ्या काचांत वसुधाला दोन वसुधा दिसत होत्या, दोन्ही लहान. तिने घड्याळ बघायचं टाळलं, म्हणजे दोनदा बघितलं. दोन वाजून दोन. दोन वाजून तीन.

"माका उठव," जानकीबाई म्हणाल्या.


रकाना ६, पुढे चालू

करंजाखाली जायला बावीस पावलं. वसुधाने ती मोजली, कारण प्रत्येक पावलाला मिनिट जातंय असं तिला वाटत होतं. दगडापाशी पोचल्यावर जानकीबाई चाचपत खाली बसल्या.

"गावच्या देवान व्हय म्हटल्यान. तेचा झाला. पण ह्यो हयलो राखणदार. पन्नास वर्सां हेना जमीन राखल्यान. हेच्यासमोर तू खोटा बोललंस, तर हेका सांगूक होया." त्यांनी दगडापाशी ठेवलेल्या तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं. "करंजाची दोन फुलां दी. पडलेली नको, झाडावरची."

करंजाला नुकता मोहर फुटत होता. वसुधाने चवड्यांवर उभं राहून बारीक जांभळट फुलं तोडली. जानकीबाईंनी ती भिजवली आणि बोटांनी दगडाचे दोन खांदे शोधून त्यावर एकेक चिकटवलं.

"घाल गाऱ्हाणां."

"मी? मला येत नाही, काकू."

"येता काय, नाय काय. बाग कोणाक होयी? माका होयी? मी बघूक तरी असणंय काय? तुका होयी. तू सांग."

दोन वाजून एकवीस. फोन थरथरला. सुबोध. वसुधाने तो कापला. मग ती दगडापुढे उकिडवी बसली, निळी बोटं पदरात धरून, आणि काय म्हणायचं ते माहीत नसल्यामुळे जे मनात सगळ्यांत वर होतं तेच बाहेर आलं.

"मी वसुधा. इथे बाग व्हावी म्हणून अकरा वर्षं मागे लागलेय. शेजारची जमीन माझ्यामुळे गेली. कोणी तसं म्हणत नाही, पण माझ्यामुळेच गेली. मी शहाणपणा केला आणि मुदत गेली. परत तसं होईल म्हणून मला झोप लागत नाही. म्हणून आज काकूंशी खोटं बोलले. त्यांचे डोळे बंद होते म्हणून बोलले." ती थांबली. "एवढंच."

"व्हय म्हाराजा," जानकीबाई म्हणाल्या.

फुलं जागची हलली नाहीत. वाराही नव्हता. नदीवरून एक वास आला आणि गेला. दोन बत्तीस. दोन चाळीस. वसुधाला वाटलं आपण श्वास जरा जोरात सोडला तर पडेल, आणि ती श्वास धरून बसली, डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत. देवाची उजवी म्हणजे आपली डावी, डावी, डावी. दोन एकावन्न.

"किती वाजले?" जानकीबाईंनी विचारलं.

"तीनला नऊ कमी."

"तुका चाराक पोचूक होया मां? दी तो कागद."

"पण अजून..."

"तेका सांगूचा होता तां सांगलंस. आता तो तेचा सावकाश देयत. तुका घाई असा, तेका खंय असा?" त्यांनी अंगठा पुढे केला. "मी बोटांनी चाचपून बघतंय, डावी पडली तर फोन करतंय. मगे कागद परत घेऊन ये. पण माका बोल लाव नको तेव्हा, कबूल?"

"कबूल," वसुधा म्हणाली.

अंगठा पांढऱ्या चौकोनात बसला. जरासा वाकडा, पण आत.


रकाना ७ : स्वीकृतीचा शिक्का

रिक्षा नाही. रिक्षा नाही. आहे, पण नाही म्हणाली. मिळाली, तर सिग्नल. फोन मांडीवर, पडदा वर करून. फोन वाजू नये. वाजला तर? वाजू नये. तीन बावीस. उड्डाणपुलाखाली बस आडवी. तीन एकतीस, ती उतरते आणि चालते, मग या वयाच्या बाईला जेवढं पळता येतं तेवढं पळते. वॉर्ड ऑफिसचा जिना. रांग. पुढे अकरा माणसं, त्यातला एक पाण्याच्या मीटरवरून भांडतोय. खिडकीतून सुबोध भुवया उंचावतो: आणलंत? ती पिशवी वर करून दाखवते. नऊ माणसं. सहा. तीन एकोणपन्नास.

फोन वाजला.

जानकीबाई.

पडद्यावर ते नाव हलत राहिलं. पुढे चार माणसं. वसुधाने अंगठा हिरव्या बटणावर नेला. निळा अंगठा, शाई अजून निघाली नव्हती. नेला आणि तिथेच ठेवला, टेकवला नाही. फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजायला लागला. मागचा माणूस म्हणाला, "आंटी, उठाओ ना." तिने बाजूचं बटण दाबून फोन गप्प केला आणि पिशवीत टाकला. पिशवीत तो थरथरत राहिला, तिच्या मांडीला लागून.

तीन त्रेपन्नला सुबोधने कागद घेतला. पानं उलटली. "चारही सह्या. हरकत काही नाही ना? हां, रेघ आहे. झकास." शिक्का मारला. "झालं मॅडम. या वेळी झालं."

तो हसत होता. वसुधानेही हसायला तोंड उघडलं आणि तिला दम लागला.


पुरवणी (या मजकुरासाठी फॉर्मात रकाना नाही)

सव्वापाचला ती परत नदीवर आली. घरी जाऊ शकली असती. सोसायटीच्या गटावर एक ओळ टाकली असती तर पद्मजाने पेढे मागितले असते. चुकलेले कॉल पाच होते, आणि एकाचंही उत्तर तिने दिलं नव्हतं. खाली गुरवाचा संदेश: देवान उजवो दिलो हा. शुभ आसा. तो वाचूनही पायातला जडपणा गेला नाही. गावच्या देवाचं तिला आता भय नव्हतंच.

ती आधी करंजाखाली गेली. दगडाचे दोन्ही खांदे रिकामे होते. दोन्ही फुलं खाली, मातीत, इतर शंभर फुलांमध्ये. तिने वाकून बघितलं, जणू त्यांच्यावर नाव लिहिलेलं असणार होतं. मग तिने एक विचित्र गोष्ट केली. वळली, दगडाकडे पाठ केली आणि दगडासारखी तोंड नदीकडे करून उभी राहिली. उजवा हात उचलला. त्या हाताच्या बाजूला पार्किंगची काँक्रीटची भिंत होती. डाव्या हाताला अळू. इथून उभं राहून तिने ही जागा कधी बघितलीच नव्हती. अकरा वर्षं ती रस्त्याच्या बाजूने बघत आली होती.

"इलंस?" पडवीतून आवाज आला. "फोन कित्याक उचलूक नाय?"

वसुधा चालत गेली, बावीस पावलं. "कुठली पडली आधी, काकू?"

"काय?"

"फुलं. कुठली आधी पडली? तुम्ही फोन केलात."

"माका खंय दिसता? हात लावलंय तर दोनय पडलेली, मगे चाचपत हय येऊन बसलंय." जानकीबाईंनी तोंड तिच्या आवाजाकडे वळवलं. "माझ्या डोळ्याची बाटली तुझ्या पिशवीत गेली. चाराचो थेंब चुकलो. दादूक लावलंय तर तो भाडा घेऊन भाईंदराक."

वसुधाने पिशवीत हात घातला. पट्टी, पेन, पॅड. आणि तळाशी एवढीशी पांढरी बाटली. उठवताना, घाईत, शाईबरोबर ओढली गेलेली.

तिने शाईचे हात धुतले, नळावर साबण लावून दोनदा, आणि मग पट्टी हलकेच वर करून जानकीबाईंच्या डोळ्यात थेंब सोडला. डोळा लाल होता, पाण्याने भरलेला. तो तिच्याकडे बघत होता की नव्हता, ते सांगता येत नव्हतं.

"मला वाटलं डावी पडली म्हणून केलात," ती म्हणाली. "म्हणून नाही उचलला."

"कळला माका तां."

"कधी?"

"तिसऱ्या फोनाक."

पलीकडे पुन्हा कोणीतरी गाडी मागे घेत होतं. जानकीबाईंनी पट्टी स्वतःच्या बोटांनी दाबून बसवली. "झाला तां झाला. कागद गेलो मां? मगे एक सांग माका. बाग झाली की ह्यो दगड हयच ऱ्हवतलो मां? आणि करंज? तेच्यासमोर आपण बोललो, म्हणान इचारतंय. तां लिवलंस मां तू कागदात?"

वसुधाला रेघ आठवली. पट्टीची, सरळ, एका दमात मारलेली. तिने विचारलंच नव्हतं. सकाळी साडेआठला, स्वतःच्या टेबलावर, दुसऱ्या बाईच्या रकान्यात.

राहील, असं म्हणता आलं असतं. म्हातारीला दिसत नव्हतं आणि कागद खिडकीच्या आत गेला होता.

"नाही लिहिलं," वसुधा म्हणाली. "तिथे रेघ मारली मी. तुम्हाला न विचारता."

"मगे आता?"

"आता अर्ज करावा लागेल. वेगळा."

"किती वर्सां लागतली?"

वसुधाने पिशवीतून कोरा कागद काढला. खुर्चीच्या हातावर ठेवला, तर तो हलत होता, म्हणून जानकीबाईंनी आपला हात त्याच्या एका कोपऱ्यावर ठेवला.

"तुम्ही सांगा," वसुधा म्हणाली. "मी लिहिते. तुमच्याच शब्दांत."